काचेवर न उमटलेली माणसं

पायाखाली बघून चाला, दगडाच्या कपच्या टोचतील. साल १८७६. पावसाळा सरला आहे, ऊन लख्ख आहे आणि तुम्ही मुंबईच्या एस्प्लनेडवर उभे आहात. आज आपण ज्याला ओव्हल मैदान म्हणतो, तिथेच. पाठीवर खारा वारा येतोय, कारण मरीन ड्राइव्ह व्हायला अजून खूप वर्षं आहेत आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे लगेच समुद्र आहे. समोर उजव्या हाताला सचिवालय, त्याच्या डावीकडे विद्यापीठाचं पदवीदान सभागृह, मग ग्रंथालय आणि त्यातून वर चढत चाललेला मनोरा, आणि त्यापलीकडे हायकोर्टाचं अर्धवट बांधकाम. बारा-चौदा वर्षांपूर्वीपर्यंत इथे जवळच किल्ल्याची तटबंदी होती. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी ती पाडून घेतली, म्हणून ही रांग उभी राहू शकली.

मनोरा परांचीत आहे. १ मार्च १८६९ ला काम सुरू झालं, अजून दोन वर्षं चालेल. पूर्ण होईल तेव्हा तो २८० फूट उंच असेल. पण वर बघण्याआधी खाली बघा. पाथरवट उकिडवे बसून चिरे घडवताहेत. छिन्नीवर हातोडीचे ठोके पडताहेत आणि दगडाची धूळ त्यांच्या पापण्यांवर बसली आहे. कुर्ल्याचा पिवळसर दगड भिंतींसाठी, पोरबंदरचा मऊ दगड नक्षीसाठी. डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं फळ्यांवरून वर जाताहेत.

त्यांच्यापासून थोड्या अंतरावर तिवईवर लाकडी कॅमेरा उभा आहे आणि बाजूला काळ्या कापडाचा तंबू. आत डोकावलात तर ईथरचा उग्र वास नाकात जाईल. फोटोग्राफर काचेवर कलोडियन ओततो, काच तिरकी करून ते चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवतो, मग चांदीच्या द्रावणात बुडवतो. आता घाई. काच ओली असेपर्यंतच चित्र घ्यायचं आणि ओली असतानाच ते धुवायचं. मुंबईच्या उन्हात ती भराभर सुकते. तो भिंगावरचं झाकण काढतो आणि मनात आकडे मोजू लागतो.

तेवढ्या काही सेकंदांत नीट पाहून घ्या, कारण पुढची दीडशे वर्षं हे चित्र जग बघणार आहे. पाटी घेतलेली बाई भिंगासमोरून चालत गेली. ती काचेवर उमटणार नाही. पाथरवटाचा हात हलतोय, तिथे फक्त पुसटसा डाग राहील. बैलगाडी गेली, तिचाही मागमूस नाही. सभागृह मात्र कंगोऱ्यांसकट, कोपऱ्यातल्या नागमोडी जिन्यांसकट, जसंच्या तसं उतरेल.

जुन्या मुंबईचे फोटो पाहताना ‘किती शांत, किती मोकळं शहर होतं’ असा उसासा आपण टाकतो. ते खरं नाही. शहर गजबजलेलं होतं, काचेला गर्दी पकडता येत नव्हती, एवढंच. आकाशाचंही तेच. ही काच निळ्या रंगाला फार हळवी, म्हणून निळं आकाश कोरं पांढरं होतं आणि ढग त्यात हरवतात. तांबडा रंग तिला जवळपास दिसतच नाही. तुमच्या शेजारी लाल पगडी घालून उभा असलेला गृहस्थ चुकून स्थिर राहिला आणि फोटोत आलाच, तर त्याची पगडी काळी येईल.

या सगळ्या कामात आणखी एक माणूस कधीच दिसणार नाही. सभागृह, ग्रंथालय आणि मनोऱ्याचा आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईला कधी आलेच नाहीत. मार्च १८७८ मध्ये ते वारले, मनोरा त्याच वर्षी नोव्हेंबरात पुरा झाला. पैसा इथला: सभागृहासाठी कावसजी जहांगीर यांचे एक लाख, ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांचे चार. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला, त्या तेजीतली ही कमाई. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, बाजार कोसळला, प्रेमचंदही बुडाले. त्यांच्या आईचं नाव मात्र मनोऱ्याला लागलं, राजाबाई.

सभागृहात या. १८७४ पासून ते उभं आहे. बाहेरच्या फोटोत त्याची मोठी गोल खिडकी काळीकुट्ट दिसते. आत उभे राहा, तीच खिडकी रंगांनी पेटलेली आहे, तिच्या कडेच्या काचांवर बारा राशी आहेत. विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली, म्हणजे सतरा वर्षं त्याला स्वतःचं सभागृहच नव्हतं. महादेव गोविंद रानडे १८६२ मध्ये पहिल्या पदवीधरांत आले, तेव्हा हा परिसर अस्तित्वातच नव्हता. तेव्हाचं विद्यापीठ शिकवतही नसे. शिकायचं मुंबईच्या एल्फिन्स्टन किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. १८६३ नंतर पुण्याची पोरं बोरघाट उतरून आगगाडीने येत. पुढे १८८० च्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री झाल्या. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले, त्यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. १९१२ साली भीमराव आंबेडकर बी. ए. झाले. इमारतीच्या जुन्या चित्रांत यांच्यापैकी कुणीही नाही.

बाहेर पडा, आता १८८० चं दशक लागलं आहे. मनोऱ्यावरच्या घड्याळात अकराला दहा कमी आहेत आणि तुमच्या मनगटावर अकरा एकोणतीस! घाबरू नका. हा ‘बॉम्बे टाइम’, आजच्या प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. १९०६ मध्ये सरकारने प्रमाणवेळ आणली तरी मुंबई महापालिका १९५५ पर्यंत आपलीच वेळ धरून बसली होती. फोटोतलं घड्याळ वाचताना हे ध्यानात ठेवा.

आणि मनोऱ्याच्या अंगावर नजर फिरवा. तिथे २४ पुतळे आहेत, पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे, आपापल्या पगड्या आणि पोशाखांत. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. कॅमेऱ्यासमोर माणसं टिकली नाहीत तिथे त्यांची दगडी रूपं तेवढी टिकली. मला हा या साऱ्या परिसराचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कमानी आणि शिखरं युरोपातून आलेली, पण या चेहऱ्यांसाठी कुणीतरी बाजारात, बंदरावर माणसं निरखून पाहिली असणार.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची रंगीत पोस्टकार्डं, त्यांपैकी कितीतरी जर्मनीत छापलेली, मनोऱ्याला नको इतका गुलाबी करणारी. मग समुद्र मागे हटतो, भराव पडतो, १९३० च्या दशकात ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहते, आणि जिथून जुन्या फोटोग्राफरला समुद्राकडून सबंध देखावा दिसे ती जागाच उरत नाही. २०१५ मध्ये मनोऱ्याची डागडुजी पुरी झाली. २०१८ मध्ये युनेस्कोने मैदानाच्या दोन्ही कडांच्या या इमारती मिळून जागतिक वारसा यादीत घेतल्या.

इमारतीची चिंता आता पुष्कळ जण करताहेत. माणसांची कुणी करत नाही. त्यांचे फोटो अभिलेखागारात नाहीत, तुमच्या घरात आहेत. झगा आणि टोपी घातलेल्या, हातात पदवीची गुंडाळी धरलेल्या आजोबांचा, मागे रंगवलेला पडदा असलेला तो स्टुडिओतला फोटो. आजीचा, पायऱ्यांवर तीन ओळींत बसलेल्या बी. टी. च्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या, वर्गासोबतचा. ट्रंकेत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्यावर नाव नाही, कारण घरात सगळ्यांना माहीत होतं ते कोण आहेत. आज तुमच्या आईला माहीत आहे. तुमच्या मुलीला नसेल.

या रविवारी तो बाहेर काढा. कोरड्या, स्वच्छ हातांनी, कडेला धरा. आईला शेजारी बसवा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. पाठीमागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा: नाव, गाव, कॉलेज, साल. बॉलपेन नको, त्याची शाई आणि दाब दोन्ही पुढे उमटतात. मग फोटोच्या दोन्ही बाजूंची चांगली प्रत काढून नातेवाइकांना पाठवा. आणि फोटोत कोण आहे हे सांगणारं कुणी अजून हयात असेल, तर रविवारपर्यंतही थांबू नका.