फुरसत कोणाच्या जिवावर? शिक्षक-प्रशिक्षणार्थींच्या वेळेचा इतिहास



बंगळुरूच्या पूर्व भागात के. आर. पुरम हे गजबजलेले उपनगर आहे. समजा, बेळगावहून तुमची एक मैत्रीण बी.एड. करण्यासाठी तिथे येऊन राहिली आहे. ती पहाटे उठून डबा करते, दिवसभर महाविद्यालयात किंवा सरावशाळेत असते, संध्याकाळी घरी येऊन उद्याचे पाठ टाचण लिहिते आणि रात्री तक्ते रंगवते. आईला फोन करायचा राहून जातो. गेल्या महिन्यात घेतलेली कादंबरी उशाशी तशीच पडलेली असते. कोणी विचारले तर ती म्हणते, "मला वेळेचं नियोजनच जमत नाही."

या वाक्यात तिने सगळा दोष स्वतःकडे घेतला आहे. तो खरोखर तिचा आहे का? एक साधे उदाहरण पाहा. मार्च २०२३ मध्ये के. आर. पुरम ते व्हाइटफील्ड ही मेट्रो सुरू झाली. शहराकडची मेट्रो मात्र बैयप्पनहळ्ळीपर्यंतच येत होती. मधला सुमारे दोन किलोमीटरचा तुकडा ऑक्टोबर २०२३ मध्ये जोडला गेला. तोपर्यंत प्रवाशांना तेवढ्या अंतरासाठी मेट्रोतून उतरून बस किंवा रिक्षा धरावी लागे. त्यात जाणारा वेळ कोणत्याही नियोजनाने वाचणारा नव्हता. तो रूळ जोडल्यावरच वाचला.

या पाठात आपण हाच विचार शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासाला लावून पाहणार आहोत. शिकवायला शिकणाऱ्या माणसाला विश्रांती कधी, कशी आणि कोणामुळे मिळाली? उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली घेतली आहेत, कारण इथे हा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा आहे.

१. अनध्याय ते रविवार

आपल्या परंपरेत अध्ययन-अध्यापनाच्या सुट्टीला 'अनध्याय' असा स्वतंत्र शब्द आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनध्यायाचे दिवस आणि प्रसंग सांगितले आहेत. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी आणि चतुर्दशी या तिथींना वेदाध्ययन बंद ठेवावे, तसेच मेघगर्जना, धुळीचे वादळ अशा प्रसंगीही थांबावे, असा तो नियम. यामागची कारणे धार्मिक होती आणि हे शिक्षण मूठभर पुरुषांपुरते होते, हे विसरून चालणार नाही. तरी एक गोष्ट टिपून ठेवा. ही सुट्टी गुरूला किंवा शिष्याला मागावी लागत नव्हती. ती सर्वांना एकाच वेळी लागू होती, त्यामुळे थांबल्याबद्दल कोणाला अपराधी वाटण्याचे कारण नव्हते.

एकोणिसाव्या शतकात पंतोजींच्या शाळांच्या शेजारी सरकारी शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी नव्या पद्धतीचे शिक्षक हवे झाले. मुंबईत १८४५ मध्ये अध्यापक वर्ग, म्हणजे नॉर्मल क्लास, सुरू झाला आणि त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. नव्या शाळेबरोबर घड्याळ, वेळापत्रक आणि रविवार आला.

मात्र रविवार सर्वांना आपोआप मिळाला असे समजू नका. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो नव्हता. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांसह काही मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी मान्य व्हायला १० जून १८९० उजाडला. विश्रांती ही संघटितपणे मागून घ्यावी लागते, ही गोष्ट या लढ्याने दाखवून दिली.

२. सावित्रीबाईंचे आजारपण

सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना अंगावर पडणारे शेण आणि दगड यांच्याविषयी तुम्ही वाचले असेल. आपण आज एका कमी चर्चिल्या जाणाऱ्या गोष्टीकडे पाहू.

ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडून माहेरी, नायगावला गेल्या होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. भावाने आपली शुश्रूषा केली, आता बरे वाटते, असे त्या कळवतात. पण त्याच भावाने त्यांच्या कामाला नावे ठेवली आणि माहेरच्या विश्रांतीतही त्यांना आपल्या शाळेची बाजू मांडावी लागली, हेही त्या लिहितात. शिवाय पुण्यात आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल, याची काळजी त्यांना वाटत होती. फातिमा शेख या त्यांच्या सहकारी शिक्षिका.

या एका पत्रात आपल्या विषयाच्या तीन बाजू दिसतात. विश्रांती मिळाली ती शरीर थकून आजारी पडल्यावर. काम आणि घर यांच्यातला ताण विश्रांतीच्या जागीही पोचला. आणि एकीला थांबता आले, कारण दुसरीने तिचा वाटा उचलला. इतिहास लिहिताना थांबणाऱ्या व्यक्तीबरोबर तिचा भार उचलणाऱ्या व्यक्तीचाही शोध घ्यावा लागतो.

याच सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. शाळेच्या धबडग्यातही लिहिण्यापुरती स्वतःची जागा त्यांनी राखली होती. पण त्यांच्या घरात लिहिणाऱ्या पत्नीला साथ देणारा पती होता, ही परिस्थिती त्या काळी फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आली.

३. 'मोकळा वेळ' असलेल्या स्त्रिया

मुलींच्या शाळा वाढवायच्या तर शिक्षिका हव्यात, हा प्रश्न १८६०च्या दशकात ऐरणीवर आला. इंग्लंडहून आलेल्या मेरी कार्पेंटर यांनी स्त्रियांसाठी प्रशिक्षण शाळा काढाव्यात असा आग्रह धरला. पुढे १८७०च्या सुमारास पुण्यात फीमेल ट्रेनिंग कॉलेज उभे राहिले. आता अडचण अशी की तिथे शिकायला येणार कोण? लग्न झालेल्या मुलीचा दिवस सासरच्या कामात जाई. १८८२ च्या हंटर आयोगाने सुचवलेली वाट लक्षात घेण्याजोगी आहे. शाळामास्तरांच्या बायका आणि विधवा यांना शिक्षिका होण्यासाठी उत्तेजन द्यावे, असे आयोगाने म्हटले.

या सूचनेचा अर्थ नीट समजून घ्या. मास्तरांच्या बायकोचा वेळ उपलब्ध मानला गेला, कारण नवऱ्याच्या नोकरीच्या गावीच तिलाही काम मिळू शकत होते. विधवेचा वेळ उपलब्ध मानला गेला, कारण समाजाने तिचा संसार, सण-समारंभ आणि हौसमौज आधीच काढून घेतली होती. तिच्याकडे 'मोकळा वेळ' होता तो वंचनेतून आलेला. प्रशिक्षणाने तिला पगार, मान आणि नवे सोबती दिले, हे खरे आणि फार मोलाचे. पण तिचे काम आणि खाजगी जीवन यांत ताण दिसत नसेल, तर खाजगी जीवनच शिल्लक ठेवले नव्हते हेही त्याचे कारण असू शकते.

अनुताई वाघ यांचे आयुष्य या संदर्भात पाहा. १९१० मध्ये मोरगावला जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या आणि १९२९ मध्ये त्यांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून प्राथमिक शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळवले. पुढे चांदवडला आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत नोकरी केली. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असे करत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडकांबरोबर काम करताना, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी पदवी घेतली. हा प्रवास प्रेरणादायी आहेच. पण त्यांना जमले मग तुम्हाला का नाही, असा प्रश्न कोणी विचारला, तर त्या जिद्दीमागची परिस्थितीही सांगायला हवी.

याच कोसबादला ताराबाई आणि अनुताई यांनी वेगळाही धडा घालून दिला. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. कुरणावरच शाळा नेली. तिला 'कुरणशाळा' म्हणतात. शिकणाऱ्याच्या दिवसाप्रमाणे संस्थेने आपले वेळापत्रक बदलणे हे शक्य आहे, याचे ते उदाहरण आहे.

दुसरी वाट वसतिगृहाची. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनाने ट्रेनिंग कॉलेज चालवले आणि त्यासोबत राहण्याची सोयही केली. वसतिगृहात चूल, पाणी आणि मुक्काम यांची जबाबदारी संस्थेने उचलली की विद्यार्थिनीचा दिवस बदलतो. संध्याकाळचा तास अभ्यासाला, गाण्याला किंवा मैत्रिणींशी बोलायला उरतो. शिक्षणाच्या इतिहासात इमारतींची आणि अभ्यासक्रमांची नोंद होते. वसतिगृहातल्या स्वयंपाकघराचीही व्हायला हवी.

४. पगार आणि जोडकामे

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकांविषयी स्पष्ट मागण्या होत्या. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा. त्यातच आणखी एक सूचना आहे. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा स्टँपविक्री अशी कामे शिक्षकाकडे दिल्यास त्याची गावातली प्रतिष्ठा वाढेल, असे फुल्यांनी म्हटले.

आज ही सूचना वाचून आश्चर्य वाटते, कारण अशैक्षणिक कामांचा बोजा ही आजच्या शिक्षकांची मोठी तक्रार आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येत नाही. फुल्यांची सूचना चुकली असे म्हणण्याची घाई करू नका. त्यांच्या काळी प्रश्न होता शिक्षकाच्या दारिद्र्याचा आणि दुर्लक्षाचा. जोडकामातून त्याला गावात वजन मिळणार होते. तेच काम सव्वाशे वर्षांनी वेळ खाणारे ठरले. कोणतेही काम ओझे आहे की मान, हे त्या काळच्या परिस्थितीवरून ठरते.

५. सेवाग्राम : सगळा दिवस म्हणजेच अभ्यास

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याच्या नेतृत्वाखाली नई तालीमचे काम चालले. सूतकताई, सफाई, शेती, स्वयंपाक आणि प्रार्थना हे सारे तिथे शिक्षणाचे भाग होते. यात मोठी समता होती. ज्या कामांचा भार एरवी घरातल्या स्त्रीवर किंवा विशिष्ट जातींवर टाकला जाई, ती सर्वांनी वाटून करायची होती. पण सगळा दिवस शिक्षणाचा झाल्यावर 'हा वेळ माझा' असे म्हणायला किती जागा उरते, हा प्रश्नही विचारायला हवा.

६. आजचे तास

तुमच्या मैत्रिणीचा बी.एड. अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी चालतो. तो दोन वर्षांचा आहे. वर्षाला किमान दोनशे कामाचे दिवस, आठवड्याला किमान छत्तीस तास, उपस्थिती ८० टक्के आणि आंतरवासितेत ९० टक्के, असे त्याचे मोजमाप आहे. आता शेजारी शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची ठेवा. नोकरीतल्या शिक्षकासाठी तिथे आठवड्याला किमान पंचेचाळीस तास सांगितले आहेत आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. प्रशिक्षणार्थीचे छत्तीस तास हे संस्थेत हजर राहण्याचे आहेत. रात्री लिहिलेले टाचण आणि रंगवलेला तक्ता त्यांत येत नाही. न मोजलेले काम शेवटी झोपेतून, घरच्यांसाठीच्या वेळेतून किंवा त्या न वाचलेल्या कादंबरीतून वजा होते.

याच अभ्यासक्रमात नाट्य व कला, वाचन व चिंतन आणि स्वतःची ओळख असे घटकही आहेत. हेतू चांगला आहे. पण त्यांनाही गुण असतात, अहवाल असतो आणि सादर करण्याची तारीख असते. ज्या गोष्टींनी मन हलके व्हावे, त्याच गृहपाठ बनण्याचा धोका इथे आहे.

प्रशिक्षण संपल्यावरही वाट सरळ नाही. महाराष्ट्रात २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आली. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक स्तरावर ते सुरुवातीला महिना तीन हजार रुपये होते, २०२३ पासून सोळा हजार झाले. मानधन अपुरे पडले की संध्याकाळ शिकवण्यांत जाते.

समारोप

आता के. आर. पुरमला परत येऊ. तुमच्या मैत्रिणीने फिरायला जावे, गाणे ऐकावे, रविवारी सकाळ मोकळी ठेवावी, हा सल्ला योग्य आहे. पण तो देण्याआधी तिच्यासोबत आठवड्याचा हिशेब मांडा. किती तास प्रवासात, किती स्वयंपाकात, किती टाचणात गेले? त्यांपैकी कोणते काम खोलीतल्या मैत्रिणी वाटून घेऊ शकतात? कोणते महाविद्यालयाने आपल्या वेळापत्रकात धरायला हवे? कोणत्या गोष्टीसाठी वर्गाने मिळून प्राचार्यांकडे जायला हवे? या हिशेबातून जो थोडा वेळ तिच्या हाती येईल, त्यात तिने काय करावे हे तिला ठरवू द्या. त्याचा अहवाल मागू नका.

विचार करा

१. अनध्याय आणि रविवारची सुट्टी यांत कोणते साम्य आणि कोणता फरक दिसतो?
२. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रावरून शिक्षिकेच्या खाजगी जीवनाविषयी कोणते निष्कर्ष काढता येतात?
३. हंटर आयोगाने विधवांना शिक्षिका होण्यास उत्तेजन देण्याची सूचना केली. तिच्या दोन्ही बाजू मांडा.
४. तुमच्या घरातल्या किंवा ओळखीच्या एका शिक्षिकेशी बोला. प्रशिक्षणाच्या काळात तिचे घरकाम कोण करत होते, ते विचारून एक पान लिहा.