मतपेटीआधीचा दरवाजा

मतदार यादीत नाव आले म्हणजे मताला किंमत आली, असे आपण समजतो. अमेरिकेतल्या टेक्सासचा अनुभव वेगळा आहे. तिथे पक्षाचा उमेदवार मतदारच आधी मत देऊन ठरवतात. या मतदानाला प्राथमिक निवडणूक म्हणतात. त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाचाच उमेदवार निवडून येई. त्यामुळे खरा निकाल तिथेच लागे.

१९२३ साली कायदा करून कृष्णवर्णीयांना या मतदानातून वगळले. एल पासोचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन न्यायालयात गेले. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. मग पळवाटा शोधत पक्षानेच १९३२ साली ठराव केला : सभासद फक्त गोरे! पक्ष ही खासगी संस्था, म्हणून १९३५ साली न्यायालयानेही ते चालवून घेतले.

ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ मात्र हटले नाहीत. थर्गुड मार्शल त्यांच्या बाजूने लढले. ३ एप्रिल १९४४ रोजी ८ विरुद्ध १ अशा बहुमताने ती बंदी घटनाबाह्य ठरली.

सभासद कोण, हे पक्षाने जरूर ठरवावे. पण सत्तेकडे जाणारी वाट एकाच अंगणातून जात असेल, तर त्या अंगणाला खासगी कसे म्हणायचे?