हौशी सेंटर फॉरवर्ड : लंडन ते कूपरेज

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये फुटबॉल संघाची मांडणी रूढ झालेली होती : गोलरक्षकापुढे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि आघाडीला पाच फॉरवर्ड. या पाचांच्या मधोमध खेळणारा तो सेंटर फॉरवर्ड. दोन्ही बगलांवरून आलेला चेंडू गोलमध्ये धाडणे ही त्याची मुख्य जबाबदारी. व्हिव्हियन वुडवर्ड हा या जागेवरचा अग्रगण्य खेळाडू. पेशाने वास्तुविशारद असलेल्या वुडवर्डने टॉटनहॅम व चेल्सी या व्यावसायिक क्लबांकडून खेळतानाही हौशी, म्हणजे खेळाचे वेतन न घेणारा, हा दर्जा सोडला नाही. इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २९ गोल केले आणि १९०८ व १९१२ च्या ऑलिंपिकविजेत्या संघांचे नेतृत्वही केले.

हा खेळ ब्रिटिश पलटणींबरोबर मुंबईत रुजला. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कपवर आरंभी लष्करी संघांचे वर्चस्व होते आणि बेंगळूर मुस्लिम्सच्या रूपाने पहिला भारतीय विजेता १९३७ मध्ये मिळाला. चर्चगेटपासून पायी गाठता येणारे कूपरेज मैदान हे मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र ठरले. भारतात व्यावसायिक फुटबॉल नसल्याने खेळाडूला नोकरी आणि सरावाला सवड देणारे कंपन्यांचे संघ हाच त्याचा आधार होता.

या व्यवस्थेत घडलेला श्रेष्ठ सेंटर फॉरवर्ड म्हणजे गोव्यातील आसगावचा, १९३२ मध्ये जन्मलेला आणि टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळलेला नेव्हिल डिसोझा. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाने दोनदा बरोबरी साधली, तरी नेव्हिलने ९ व्या, ३३ व्या आणि ५० व्या मिनिटाला गोल करून प्रत्येक वेळी भारताला आघाडी मिळवून दिली. सामना ४-२ असा जिंकला गेला आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक, म्हणजे एका सामन्यात तीन गोल, करणारा तो पहिला आशियाई ठरला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धचा पहिला गोलही त्याचाच होता. तो सामना भारताने १-४ असा गमावला, तरी चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे अग्रस्थानी राहिला.

मेलबर्नमध्ये भारताला मिळालेले चौथे स्थान ही ऑलिंपिक फुटबॉलमधील त्याची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. म्हणूनच तिच्या इतिहासात नेव्हिलबरोबरच, मैदानावरच्या खेळाडूला घर चालवण्याची शाश्वती देणाऱ्या मुंबईच्या कंपनी संघांचीही नोंद व्हायला हवी.