गावाचा कारभार, लालबागच्या खोलीत
कोकणातल्या गावाचा कारभार अभ्यासायचा म्हटलं की आपण सरळ ग्रामपंचायतीचं दप्तर मागतो. मीही तेच केलं. तिथे १९५८ च्या कायद्याखालचे ठराव मिळतात. पण देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, पालखीचा खर्च असल्या गोष्टी कितीदा तरी लालबाग-परळच्या चाळीत ठरायच्या, गावकरी मंडळाच्या खोलीत. गिरणीत पाळीने राबणारे पुरुष तिथे पाळीनेच झोपायचे. महिन्याची वर्गणी वहीत चढायची, गावचे तंटेही तिथे मिटायचे. गावी शेती सांभाळणाऱ्या बायका मात्र या बैठकांत सहसा नसायच्या. (हे वहीत कुणी लिहीत नाही, सह्या बघून कळतं.) १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पुढे बरेच जण गावी परतले, खोल्या रोडावल्या. तेव्हा दप्तराआधी मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या गाठा. खोली विकली की पहिल्यांदा रद्दीत त्याच जातात.