उदगीरची मोहीम आणि चौघांची पलटण

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील जुन्या मराठी घरांत आज युद्धशास्त्राची जी काही चर्चा होते, ती मुख्यतः नातवंडांच्या मोबाइलवर होते. 'पबजी' या खेळावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि पुढच्याच वर्षी त्याचा भारतीय अवतार निघाला. शंभर खेळाडू एका ओसाड मुलखात उतरतात, चार-चारांच्या टोळ्या करतात आणि अखेरपर्यंत जी टोळी टिकेल ती जिंकते. एकाने टेहळणी करायची, एकाने लांबून नेम धरायचा, एकाने जखमी सोबत्याला उठवायचे आणि एकाने हुकूम द्यायचा, अशी कामे आधीच वाटून घेतलेली असतात. आम्ही वडीलधारी मंडळी या उद्योगावर नाक मुरडतो. तथापि, ही पोरे ज्याला 'प्लॅन' म्हणतात, त्याचा एक उत्तम धडा त्यांच्या आजोळच्या वाटेवरच गिरवला गेला होता, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. तो दोष आमच्या पिढीचा आहे, खेळाचा नव्हे.

उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मात्र होत्या तिथेच राहिल्या. म्हणून उदगीरची लढाई ही आम्हांस परक्या प्रांतातली गोष्ट वाटत नाही.

तिची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. निजामाच्या फौजेचा कणा म्हणजे फ्रेंच सेनानी बुसी याने कवायती शिस्तीत तयार केलेले पायदळ आणि तोफखाना. १७५८ मध्ये बुसीला परत बोलावण्यात आले आणि तो कणाच निखळला. त्याच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला. पुढे १७५९ मध्ये अहमदनगरचा किल्ला किल्लेदाराला पैसा देऊन पेशव्यांनी हाती घेतला. तोफ न डागता मिळालेला किल्ला! यावरून निजामाशी जुंपली आणि सदाशिवरावभाऊ मोहिमेवर निघाले.

सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांचा बेत शहाणपणाचा होता. उदगीरहून निघून धारूरला जायचे, तेथे असलेल्या आपल्या दुसऱ्या फौजेला मिळायचे आणि मग लढायचे. मध्ये बाजारबुणगे व सामान, भोवती पायदळ आणि तोफा, असा बंदिस्त गोल करून ही फौज सावकाश सरकू लागली. अशा गोलावर नुसते घोडदळ घालणे म्हणजे माणसे तोफांच्या तोंडी देणे होय.

मराठी फौजेने येथे जो डाव रचला, त्यात कामाची वाटणी स्पष्ट होती. हलक्या घोडदळाने चौफेर घेरून दाणावैरण तोडायची, मागे रेंगाळलेल्यांना उचलायचे, गोलाला धड थांबू द्यायचे नाही आणि धड चालूही द्यायचे नाही. इब्राहिमखानाच्या तोफांनी गोलाच्या कडा झिजवायच्या. राखीव स्वारांनी फट पडेपर्यंत हात आवरून धरायचा. यांत तिसरे काम सर्वांत अवघड, असे आमचे मत आहे. घोड्यावर बसलेल्या माणसाला थांबवणे सोपे नसते. नातवंडांच्या खेळात सुरक्षित वर्तुळ यंत्र आपोआप लहान करीत जाते. उदगीर-औशाच्या माळावर ते वर्तुळ घोडेस्वारांनी रोज थोडे थोडे आवळत नेले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी अखेर फळी फुटली, राखीव स्वार आत घुसले आणि धारूरची वाट बंद झाली. निजाम तहाला आला. सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर ही ठाणी पेशव्यांकडे आली.

या विजयाचा परिणाम मात्र विचित्र झाला. कवायती पायदळ आणि तोफा यांवर भाऊंचा जो भरवसा बसला, तो येथेच पक्का झाला, असे म्हणण्यास जागा आहे. वर्षही उलटले नाही तोच, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तेच शस्त्र वेगळ्या परिस्थितीत वापरावे लागले. आता गोलात मराठे होते. सोबत यात्रेकरू आणि बायकापोरे होती, पोटात अन्न नव्हते आणि रसद तोडणारा अब्दाली होता. उदगीरला आपण जे निजामाचे केले, तेच तेथे आपले झाले. इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडत आणली होती. पण विंचूरकर आणि गायकवाड यांचे स्वार इशाऱ्याची वाट न पाहता पुढे धावले आणि गारद्यांचा मारा अडला, असे सांगितले जाते. राखीव स्वारांनी हात आवरून धरायचा हे उदगीरचे सूत्र तेथे सुटले. शिंदे-होळकरांच्या गनिमी काव्याच्या शिकवणीत गोलाच्या लढाईची सवय मुरलेलीच नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एका सरदाराच्या माथी सारा दोष मारणे आम्हांस पटत नाही. एकत्र सराव न केलेल्या तुकड्या नकाशावर कितीही नीट मांडल्या, तरी पहिल्या धुराबरोबर आपापल्या जुन्या सवयीकडे वळतात. खेळातली पोरे रोज रात्री त्याच चौघांत का खेळतात, याचे उत्तर यात सापडावे.

इब्राहिमखान पानिपतावर जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. पानिपतानंतर निजामअलीने पुण्याच्या रोखाने चाल केली आणि उदगीरला गमावलेल्या मुलखापैकी बराच परत मिळवला. सलाबतजंगास हा आनंद लाभला नाही. निजामअलीने १७६२ मध्ये त्याला कैद करून बीदरच्या किल्ल्यात ठेवले. पुढच्या वर्षी तेथेच त्याचा अंत झाला.