मध्यम नखांची परंपरा

‘नखशिखांत’ हा शब्द आपण सहज वापरतो. त्यात नख आधी येते आणि शिखा नंतर. परंतु माणसाकडे पाहताना आपली दृष्टी नखापर्यंत क्वचितच पोहोचते. ‘नखाचीही सर नाही’ असे म्हणून आपण नखाला क्षुद्रतेचे माप करून टाकले आहे. या क्षुद्र वस्तूचा इतिहास धुंडाळण्याची पाळी आमच्यावर आली, ती घरातल्याच एका प्रसंगामुळे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या नातीचे लग्न झाले. लग्नाआधी चार दिवस ती हुबळीतील एका पार्लरमध्ये जाऊन लांब, गुलाबी, खडे जडवलेली नखे बसवून आली. पैसे आम्हीच दिले होते. ‘हा बायकांचा विषय’ म्हणून पुढे काही विचारले नाही. नागपंचमीला ती माहेरी आली तेव्हा तिचे हात ओढणीआड होते. मेंदी लावायला बोलावले तर ती टाळू लागली. अखेर तिच्या आजीनेच, “अगं, हात दाखव बघू,” म्हणून हात ओढून घेतला. नखे कागदासारखी पातळ झाली होती, टोकाला चिरली होती. दोन बोटांवर पांढरे खरखरीत चट्टे होते. गरम पाण्याने ती झोंबत, लसूण सोलता येत नसे. बसवलेली नखे सैल झाल्यावर तिने ती घरीच ओढून काढली होती आणि त्यांच्याबरोबर तिच्या स्वतःच्या नखाचे थरही निघून आले होते. “आजोबा, लाज वाटत होती, म्हणून सांगितलं नाही,” एवढेच ती म्हणाली. राज्य सरकारच्या सेवेत आम्ही आयुष्यभर फायलींच्या समासातील बारीक टिपणे वाचली. घरातल्या मुलीचा हात मात्र वाचला नाही, याची खंत वाटली.

नखांची निगा ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. चरकसंहितेने केस, दाढीमिशा आणि नखे पंधरवड्यातून तीन वेळा कापावीत असे सांगितले आहे. सुश्रुताने क्षुद्ररोगांच्या प्रकरणात ‘चिप्प’ आणि ‘कुनख’ असे नखांचे दोन विकार नोंदवले आहेत. पैकी चिप्प म्हणजे आपले नखुरडे. ज्याला एकदा नखुरडे झाले आहे, तो या रोगाला क्षुद्र म्हणण्यास धजणार नाही.

सौंदर्याच्या बाजूने पाहावे तर वात्स्यायनाकडे जावे लागते. ग्रंथाचे नाव ‘कामसूत्र’ म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. त्यातील एक निरीक्षण आपल्या कुळाशी संबंधित आहे. वात्स्यायन सांगतो की गौड देशीच्या लोकांची नखे लांब आणि हाताला शोभा आणणारी असतात. दाक्षिणात्यांची आखूड, पण काम सोसणारी. आणि महाराष्ट्रकांची मध्यम, दोन्ही गुण असणारी. शेकडो वर्षांपूर्वी कोणी आपल्या नखांची एवढी दखल घेतली, ही गोष्ट मौजेची खरीच. परंतु त्याहून मोलाची आहे ती त्यामागची दृष्टी. नख शोभेसाठी आहे, तसेच कामासाठीही आहे. दोहोंचा मेळ ज्याला साधला, त्याचे नख उत्तम. महाराष्ट्र आणि दक्षिण यांच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे मध्यमपण अधिकच जवळचे वाटावे.

आमच्या लहानपणी धारवाडला रविवारी सकाळी न्हावी घरी येई. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, वाटी यांबरोबर नराणी असे. तो आधी बोटे पाण्यात बुडवून ठेवायला लावी, मगच नख काढी. कोरडे नख चिरते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान होते आणि खळ्यावरच्या धान्यात त्याचा वाटा. बलुत्याची ती व्यवस्था न्यायाची होती असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या माणसाच्या बोटांत जे ज्ञान होते, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, हेही खरे.

स्त्रियांचे प्रसाधन मेंदीचे. शेजारच्या कन्नड घरांत तिला मदरंगी म्हणत आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी दोन्ही घरांच्या पाट्यांवर तोच पाला वाटला जाई. मेंदीतील रंगद्रव्य नखातील केराटिन या द्रव्याला चिकटते आणि नख वाढेल तसा तो रंग टोकाकडे सरकत जातो. नखावर काही चढवावे लागत नाही आणि खरवडून काढावेही लागत नाही.

द्रवरूप नखरंग पाश्चात्य देशांत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. मोटारींच्या रंगात वापरले जाणारे नायट्रोसेल्युलोज त्यात आले आणि त्याला आजची चकाकी मिळाली. आपल्याकडे 1952 साली टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केली आणि मध्यमवर्गीय घरांत नखरंगाची बाटली हळूहळू स्थिरावली. योगायोग असा, की त्याच 1952 साली पुण्यातील श्रीधर चिल्लाल या शाळकरी मुलाने डाव्या हाताची नखे कापणे थांबवले. शिक्षकांचे जपलेले लांब नख त्याच्याकडून मोडले, त्यावर बोलणी बसली आणि मुलाने हट्ट धरला. तो हट्ट 66 वर्षे टिकला. 2018 च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये ती नखे कापली गेली तेव्हा पाच नखांची एकूण लांबी 909.6 सेंटिमीटर भरली. गिनीज बुकात नाव झाले. पण त्या भाराने डावा हात कायमचा अधू झाला. शोभा कामावर मात करते तेव्हा काय होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

अॅक्रिलिकची कृत्रिम नखे जन्मली ती दंतवैद्यकातून. 1950 च्या दशकात फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने आपल्या तुटलेल्या नखावर दातांसाठी वापरले जाणारे अॅक्रिलिक लावून पाहिले, असे सांगतात. पुढे अतिनील दिव्याखाली घट्ट होणारी जेल आली. या द्रव्यांवर सरकारी नजरही पडत आली आहे. मिथाइल मेथाक्रिलेट असलेल्या नखप्रसाधनांवर अमेरिकेत 1970 च्या दशकात कारवाई झाली. जेलमधील ‘टीपीओ’ या रसायनावर युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी घातली.

मग ही नखे बसवूच नयेत काय? आम्ही तसे म्हणत नाही. नातीने तज्ज्ञांना दाखविले तेव्हा कळले ते असे. आपल्याला दिसते ते नख निर्जीव असते. जिवंत असते ते त्याचे मूळ. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हणून बिघडलेले नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात. नखाच्या मुळाशी कातडीची जी पातळ कड असते, ती पाणी आणि जंतू यांना अडवणारा बांध आहे. ती कापू देऊ नये. कानशीने नख फार घासू देऊ नये. हत्यारे निर्जंतुक केली आहेत का, हे विचारण्यात संकोच नको. दिव्याखाली हात धरण्यापूर्वी ऊन रोखणारे मलम लावावे किंवा बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे घालावेत. बसवलेले नख कडेने सुटले तर आत पाणी साचून जंतू वाढतात. ते कधीही ओढून काढू नये. दहा-पंधरा मिनिटे अॅसिटोनने भिजवून अलगद सोडवावे. नंतर काही आठवडे नखांना विश्रांती द्यावी आणि खोबरेल लावीत जावे. जेल कातडीला लागून एकदा का तिचे वावडे जडले, तर ते जन्मभर राहू शकते आणि पुढे दातांच्या उपचारातही आड येऊ शकते. आणखी एक गोष्ट : डॉक्टर नख पाहून रक्तक्षयाची, फुप्फुसांच्या काही आजारांची शंका घेतात. सदैव झाकलेले नख ही साक्ष देऊ शकत नाही.

भिजवल्यावाचून हत्यार लावू नये, मुळाला धक्का देऊ नये, ही आमच्या न्हाव्याची रीत. तज्ज्ञांच्या सांगण्यात आम्हाला तीच पुन्हा भेटली. मधल्या काळात ती आपणच विसरलो आणि मुलींना सांगायची राहून गेली. नखांच्या गोष्टी घरात पुरुषांनी बोलायच्या नसतात, या समजुतीचाही त्यात वाटा आहे. तो दोष आमचा.

या जानेवारीत नातीची पहिली संक्रांत झाली. काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालून ती हळदीकुंकवाला बसली होती. नखे आखूड, साधी, पण मुळापासून टोकापर्यंत निरोगी होती. चैत्रात तिच्या नणंदेचे लग्न आहे. तेव्हा पुन्हा नखे बसविणार असल्याचे तिने आजीला सांगून टाकले. “काढायला मात्र पार्लरमध्येच जाईन,” हेही तिने आपणहून जोडले. मग तिळगूळ द्यायला तिने हात पुढे केला, आणि या वेळी आम्ही तो नीट पाहिला.