घासलेटाचा हिशेब

थंड देशांतील गृहस्थ हिवाळ्यापूर्वीं घराच्या टांकींत तेल भरून ठेवतो आणि बाहेरच्या थंडीच्या मानानें तें किती दिवस पुरेल याचें गणित मांडतो. खाडीकांठच्या ठाण्यास, आणि त्यांतील कोपरीस, घर ऊबदार ठेवण्याची गरज कधीं पडली नाहीं. परंतु स्नानाचें पाणी, चहा आणि दोन वेळचा स्वयंपाक यांसाठीं तेथील घरांनींही अनेक वर्षें तेलाचाच हिशेब केला.

घासलेट आपल्याकडे प्रथम आलें तें दिव्यासाठीं. त्याला चुलीची जागा मिळाली ती 1892 सालीं स्वीडनमधील लिंडक्विस्ट यानें पंपाचा स्टोव्ह सिद्ध केल्यावर. पुढें शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हा स्टोव्ह शिरला. धूर गेला, लांकडांचा ढीग गेला. पण इंधन डोळ्यांना दिसेनासें झालें. लांकडें किती उरलीं हें गृहिणी जातां येतां पाहत असे. डब्यांतलें तेल मात्र संपल्यावरच कळे.

या अज्ञानाची किंमत महायुद्धांत कळून आली. हिंदुस्थानांतील घासलेटाचा मोठा भाग ब्रह्मदेशांतून येत असे. 1942 च्या मार्चमध्यें रंगून पडलें, आणि जातां जातां इंग्रजांनीं सिरियम येथील तेलशुद्धीचा कारखाना नष्ट केला. तेलाची टंचाई थेट माजघरापर्यंत पोहोंचली. पांच वर्षांनीं देशाची फाळणी झाली. सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें कल्याणच्या लष्करी छावणींत, म्हणजे 1949 पासूनच्या उल्हासनगरांत, उतरलीं, तशींच तीं कोपरींतही वसलीं. सर्वस्व मागें टाकून आलेल्या घरीं बाटलीभर तेलाचा अंदाज चुकणें ही किरकोळ गोष्ट नव्हती. मुलांच्या पोटांत ऊन घांस जाणार कीं नाहीं, हें त्यावर ठरे.

हा अंदाज करावयाचा कसा? एक लिटर घासलेट जळलें असतां सुमारें 8,300 किलोकॅलरी उष्णता निघते. पंधरा लिटरांची बादली 25 अंशांवरून 45 अंशांवर नेण्यास 300 किलोकॅलरी लागतात. निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असें धरलें, तर खर्च 600 चा होतो. म्हणजे बादलीमागें सुमारें 72 मिलिलिटर तेल. पांच माणसांच्या घरीं दिवसाला 360 मिलिलिटर, आणि महिन्याला जवळजवळ 11 लिटर. स्वयंपाक आणि कंदील यांचा हिशेब अजून वेगळाच!

तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा चार गॅलनांचा, म्हणजे सुमारें 18 लिटरांचा असे. पांच जणांच्या स्नानालाच तो पन्नास दिवसांत रिता व्हावा. या डब्याची उंची साधारण चौदा इंच, आणि बाजू सरळ. म्हणून आंत काडी उभी धरली कीं भिजलेल्या भागाच्या दर इंचाला सव्वा लिटराहून थोडें अधिक तेल समजावें. आठवड्याच्या आरंभीं एकदां आणि शेवटीं एकदां काडी बुडवली, कीं दोहोंतील अंतर हाच त्या घराचा खरा खर्च. पुस्तकी आंकड्यापेक्षां हा आंकडा अधिक विश्वासाचा. कारण भांड्यावर झांकण असतें कीं नाहीं, आणि स्टोव्हचें तोंड साफ आहे कीं नाहीं, हें सर्व त्यांत आपोआप येतें.

1973 च्या तेलसंकटानंतर हा हिशेब पुन्हां कडक झाला. तोंवर मुंबईंत 1955 च्या सुमारास आलेला सिलिंडरचा गॅस हळूहळू घरोघर पसरूं लागला होता. आज ठाण्यांतील अनेक घरीं नळानें गॅस येतो आणि मीटर त्याची नोंद ठेवतो. मात्र मीटर सांगतो तो झालेला खर्च. तेवढ्या कामास किती इंधन पुरावयास हवें होतें, हें बादली आणि काडी यांच्या साध्या गणितानेंच कळतें. आणि तें गणित आजही प्रत्येक घरीं करून पाहण्याजोगें आहे.